शेपटीवर बसलेलं विमान

काल, दुपारी एक चाळीस

विमान बसलं.

कोसळलं नाही, घसरलं नाही, बसलं. दमलेला माणूस भिंतीला पाठ घासत हळूच खाली टेकतो, तसं ते शेपटीवर टेकलं आणि त्याचं नाक वर गेलं. पुढची चाकं जमिनीपासून दोन पुरुष उंच लोंबकळत राहिली. हँगरमधले चाळीस लोक माना वर करून उभे होते.

आत होते एकटे मुकादम, माल चढवणाऱ्या माणसांचे प्रमुख. मालाने लादलेलं सहावं पॅलेट जागेवर ढकलून ते पुढे येत होते. पायाखालची जमीनच तिरकी झाली, तसे ते बुडावर बसून थेट पॅलेटांपर्यंत घसरत गेले. पॅलेटं खिट्ट्यांत अडकलेली होती म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही. मुकादमांची पँट सोडून.

संध्याकाळी सात वाजता एका मुलीच्या हातात पत्र पडलं: तुमच्या भरणीपत्रकातल्या चुकीमुळे हे घडलं, तुमचा सहीचा अधिकार स्थगित.

आज, सकाळी नऊ. तीन तास उरले

त्या मुलीची आत्या विमान कारखान्याच्या फाटकाशी रिक्षातून उतरली. तीस वर्षं तिने विमानं तोलली होती. विमानाचं वजन किती, ते कुठे बसतं, कुठे ओझं टाकलं की कुठे झुकतं, हे तिला न बघता कळायचं. म्हणून तिला सगळे काटाबाई म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिने फक्त स्वतःचं वजन केलं होतं आणि त्यात काही गंमत नव्हती.

हँगरच्या दारात ती थांबली. वर गेलेलं ते नाक बघून तिच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो भीतीचा नव्हता.

"बाई गं," ती म्हणाली. "काय देखणं बसलंय."

"आत्या, गंमत नको. बाराला संचालक येतायत." भाचीचे डोळे सुजलेले होते. "अध्यक्षबाई एकच प्रश्न विचारणार. हे विमान मालवाहू होऊ शकतं का? आणि समोर हे असं."

"आधी खाली बस."

"बस हा शब्द आज नको काढूस."

हे विमान माणसांसाठी काढलेलं होतं. हलकं अंग, रुंद पोट, पाकोळीसारखे मागे ओढलेले लांब पंख. भाचीने दोन वर्षं एकच धोशा लावला होता: यातल्या खुर्च्या काढा, नाकाजवळ मोठं दार पाडा आणि यात माल भरा. बाजारातलं दुसऱ्या कंपनीचं मालवाहू विमान दोन पॅलेटं जास्त नेतं, पण इंधन चौथ्या हिश्शाने जास्त पितं. "आजकाल विमानातून लोखंड जात नाही आत्या, खोके जातात. आणि खोक्यात निम्मी हवा असते. हवा न्यायला ताकद नको, जागा लागते." लहानपणापासून ती अशीच बोलायची. आत्याला तिचं बोलणं तेव्हाही पटायचं.

"भरणीपत्रक दाखव."

दोन पानं होती. दार नाकाजवळ, म्हणून मागची पॅलेटं आधी आत जाणार. मागे ओझं वाढलं की शेपूट खाली येणार, हे कुणीही सांगेल. इतर मालवाहू विमानांत शेपटीखाली टेकू लावतात, मग तो काढतात, आणि त्यात वेळ जातो. भाचीने टेकूच काढून टाकला होता. पोटातली टाकी मधल्या मोठ्या चाकांच्या पुढे येते. तिच्यात आधीच नऊ टन इंधन भरायचं; तेच पुढचं ओझं.

"आणि पंखांत?"

"दोन टन. अगदी मुळाशी. टोकाकडच्या टाक्या कोरड्या."

"टँकरची पावती?"

"अकरा टन. बरोबर आहे. कुठे सांडलं नाही, गळलं नाही."

"आत्ता कुठल्या टाकीत किती आहे?"

"कळणार कसं? विमान बसल्याबरोबर वीज तोडली. सगळे काटे मेलेत." भाचीने पत्रक उलटं ठेवलं. "माझंच चुकलं असेल का गं? मी रात्रभर तेच तेच मांडत होते. माझंच चुकलं असेल तर तसं सांग. बाराच्या आत सांग. मी स्वतः जाऊन कबूल करेन."

काटाबाईने पेन्सिल घेतली. वीस मिनिटं ती आकडे मांडत राहिली. मग पेन्सिल खाली ठेवली.

"तुझा हिशेब सरळ आहे. वाकडं विमानात झालंय."

नऊ चाळीस. मुकादम, नव्या पँटमध्ये

"पॅलेटं तोलली होती?"

"बाई, तुमच्याच जुन्या काट्यावर. एकेक. त्यावर जाळी टाकली, चिठ्ठी लावली. पत्रकाप्रमाणे एक ते सहा. सातवं बाहेर उभं आहे, बघा."

"या विमानाची फरशी यंत्राने चालते म्हणे. आठ माणसांचं काम तीन करतील."

"म्हणजे मी केलं असं म्हणायचंय तुम्हाला."

"मी कुठे काय म्हणतेय?"

"माझ्या पाच माणसांचं काम जाणार हे खरंय. म्हणून मी विमान उलटं करेन, आणि ते करताना स्वतः आत बसेन? बाई, मला बायको आहे. तिने काल विचारलं, पँट कशी फाटली. मी म्हटलं विमान बसलं. ती म्हणाली, खरं सांग."

"जेवायची सुट्टी कधी झाली?"

"पाचवं पॅलेट चढवलं आणि बारा पन्नासला. एक पस्तीसला परत. सहावं चढवलं आणि, हे."

"सुट्टीत विमानाजवळ कोण होतं?"

"आम्ही भिंतीपलीकडे जेवत होतो. दिसत नव्हतं. ऐकू येत होतं."

"काय?"

"विमानाचं पोट गुरगुरत होतं. चांगलं वीसेक मिनिटं. म्हटलं, त्यालाही भूक लागली असेल."

काटाबाई उठून उभी राहिली.

"काय झालं बाई?"

"काही नाही. पँट छान आहे."

दहा वाजून दहा. थोरले

मुख्य रचनाकाराला सगळे थोरले म्हणत. धाकटं कुणी नव्हतं, तरी. त्यांच्या खोलीत कागदाचा एक कपटा इकडचा तिकडे नव्हता. भिंतीवर एकच चित्र: पंख. फक्त पंख, विमान नाही.

"या काटाबाई. भाचीचं वकीलपत्र घेतलंत वाटतं."

"वकील फी घेतात. मला चहाही कुणी विचारला नाही."

थोरल्यांनी चहा मागवला. मग ते बोलत सुटले, आणि काटाबाईने त्यांना बोलू दिलं. हे विमान म्हणजे त्यांची अकरा वर्षं. हलकं, लवचीक, वाऱ्यात वाकणारं. आणि आता लोक त्यात खोके कोंबायला निघालेत.

"राजहंसाला हमाली लावायची."

"म्हणजे तुमचा विरोध आहे."

"उघड आहे. मी कधी लपवलं नाही. पण मी माझंच विमान पाडीन?" बोलता बोलता त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि टेबलावरच्या नावाच्या पाटीचा एक स्क्रू किंचित फिरवला. "तुमच्या भाचीला एक गोष्ट कुणी शिकवली नाही. पंखाकडे बघायला. पंखांत वजन असलं की ते हवेत वर फाकत नाहीत, त्यांची मुळं सुखी राहतात. आधी पंख भरायचे, पोट शेवटी. उडताना आधी पोट रिकामं करायचं, पंख शेवटी. शिकाऊ पोरालाही हे येतं."

"तुम्ही तिचं पत्रक वाचलंत?"

"सही आहे ना माझी त्यावर?"

काटाबाईने मान डोलावली. विचारलं होतं एक आणि उत्तर आलं होतं दुसरंच, हे तिने मनात टिपून ठेवलं.

दहा पन्नास. पोपट

विक्रीप्रमुखाला पोपट म्हणायचे, कारण तो बोलायचा. त्याच्याबद्दल कुजबुज होती की तो दुसऱ्या कंपनीत निघालाय, आणि हे विमान फसलं तर तिथे त्याचं स्वागत फुलांनी होईल.

"मुलाखत दिली मॅडम, नाही कशाला म्हणू? पण तिथे काय सांगितलं मी? की मालवाहू विमान विकून दाखवलंय. आता हे बसलं तर माझंही बसलंच की."

"सुट्टीत कुठे होतात?"

"फोनवर, बाहेर आवारात. त्याच्या आधी नि नंतर फोटो."

"कसले?"

"माझे." पोपट जरासा लाजला. "विमानासोबत."

त्याच्या फोनमध्ये एकाच दिवसाचे एकसष्ट फोटो होते. काटाबाईने त्यातले दोन निवडले.

बारा बावन्न. पोपट हसतोय. पाय गटाराच्या चौकोनी झाकणावर, कारण उजेड तिथे चांगला पडतो. मागे विमान, सरळ उभं. पंखाचं टोक. टोकामागे हँगरची भिंत, भिंतीवर पिवळा पट्टा. टोक पट्ट्याच्या वर, हातभर.

एक चौतीस. पोपट हसतोय, जरा कमी. पाय त्याच झाकणावर. विमान अजून सरळ. पंखाचं टोक पिवळ्या पट्ट्यावर. नेमकं पट्ट्यावर.

काटाबाईने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मग ती समोरच्या खुर्चीत बसली.

"मॅडम, पाणी देऊ?"

"तुम्ही किती देखणे आहात हो," काटाबाई म्हणाली आणि पोपटाला तिथेच ठेवून धावली. साठीच्या बाईने धावावं इतकं नाही. त्याहून जरा जास्तच.

अकरा वाजता. एक शिडी

"टोक हातभर खाली आलं," तिने धापा टाकत भाचीला सांगितलं. "सुट्टीत. पॅलेट एकही हललं नाही, कुणी पंखावर चढलं नाही. मग पंखाचं टोक खाली कशाने येईल?"

भाची तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलत गेला, पहाटे खिडकी बदलते तसा.

"इंधनाने."

"शिडी आण."

पंखाखाली, टोकाच्या टाकीशी, एक दांडी असते. वीज नसली तरी ती चालते. खिट्टी फिरवली की ती खाली सरकते, पण आत इंधन जितकं जास्त तितकी वरच अडते. टाकी कोरडी असेल तर दांडी पूर्ण खाली येते.

भाचीने खिट्टी फिरवली. दांडी जेमतेम बोटभर खाली आली. तिथेच अडली.

दुसऱ्या पंखाखालीही तेच.

"पोटातलं इंधन इथे आलंय," भाची शिडीवरूनच म्हणाली. "अकरा टनांचे अकराच आहेत. फक्त चाकांच्या पुढचे मागे गेलेत. आत्या, पंख मागे ओढलेले आहेत. टोकं चाकांच्या मागे येतात. सहावं पॅलेट चढल्यावर ते बसणारच होतं. कुणाचंही बसलं असतं."

"खाली उतर आणि मग नाच."

पण काटाबाई स्वतः वर चढली. पंखाच्या मुळाशी एक छोटं झाकण होतं. त्याच्यामागे इंधन या टाकीतून त्या टाकीत पाठवायची बटणं. झाकण नीट लावलेलं होतं. सहा स्क्रू. सहांच्या सहा खाचा उभ्या, एका रेषेत, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या.

ती बराच वेळ त्या झाकणाकडे बघत राहिली. मग खाली उतरली. आता ती घाई करत नव्हती.

"कोण गं?" भाचीने विचारलं.

"आधी त्याला विचारते. चोर सोडून संन्याशाला सुळी एकदा झालीय, दुसऱ्यांदा नको."

अकरा पंचवीस. दार लावून

"मी एका माणसाबद्दल सांगते," काटाबाई म्हणाली. "तुम्ही ऐका."

थोरल्यांनी चष्मा काढून समोर ठेवला. टेबलाच्या कडेशी अगदी समांतर.

"ज्याला विमान बसवायचं असतं, तो पोटातलं इंधन खाली सोडून देतो आणि पळतो. पाच मिनिटांचं काम. हा माणूस वीस मिनिटं उभा राहिला. भर दिवसा. थेंब सांडू दिला नाही. दोन्ही पंखांत सारखं वाटलं, उजवं डावं न करता. मग झाकण लावलं आणि स्क्रूच्या खाचा सरळ केल्या. लपवायचं असलं की माणूस घाईत असतो. हा घाईत नव्हता. म्हणजे आपण वाईट करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. त्याच्या लेखी तो दुसऱ्याची चूक दुरुस्त करत होता."

थोरल्यांनी नजर नावाच्या पाटीकडे वळवली.

"सुट्टीत तो सहज विमानापाशी आला. बघतो तर पोट भरलेलं आणि पंख रिकामे. त्याच्या जिवाला लागलं. इंधन भरणाऱ्याच्या जिवाला ते लागत नाही हो, तो पावतीप्रमाणे भरतो. मुकादमाला ती बटणं कुठे आहेत हे ठाऊक नाही, आणि पोपटाला आरसा सोडून काही दिसत नाही. पंखाची मुळं सुखी असावीत असं वाटणारा माणूस या आवारात एकच आहे."

थोरले म्हणाले, "दुसरं पान मी वाचलं नव्हतं."

"सही केलीत."

"पहिल्या पानावर 'मालवाहू' हा शब्द वाचला आणि सही करून बाजूला सारलं. पोटात इंधन मुद्दाम ठेवलंय हे मला माहीत नव्हतं. वाटलं, कुणीतरी गाढवाने भरलंय."

"आणि विमान बसल्यावर?"

"खरं सांगू? मला वाटलं तिचाच हिशेब चुकला. मनापासून वाटलं. मग संध्याकाळी इंधन कुठून कुठे गेलं ते रेखाटून बघितलं."

"किती वाजता?"

त्यांनी चष्म्याला हात लावला, पण तो हलवला नाही.

"सहाला."

"आणि तिला पत्र गेलं सातला."

थोरल्यांनी चष्म्यावरचा हात मागे घेतला.

"ती रात्रभर स्वतःला चुकीचं ठरवायचा प्रयत्न करत होती," काटाबाई म्हणाली. "चूक सापडली असती तर बाराला उभी राहून कबूल करणार होती. वय वर्षं सत्तावीस. तुमचं किती झालं?"

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मी बाराला हे सांगू शकते. माझ्याकडे फोटो आहेत, दांडी आहे, झाकण आहे. पण मी सांगणार नाही. मला फक्त विमान उठवायचंय."

बारा

अध्यक्षबाई उंच होत्या आणि त्यांनी हँगरमध्ये शिरताच मान वर केली नाही. आधी त्यांनी माणसांकडे बघितलं, मग विमानाकडे.

"हे कधी उतरवणार?"

"आत्ता," भाची म्हणाली. "एकही पॅलेट न काढता."

संचालकांत चुळबूळ झाली. पोपट फोन काढून सज्ज झाला; या वेळी त्याने तो विमानाकडे धरला. मुकादमांच्या माणसांनी नाकाला दोन्ही बाजूंनी जाड पट्टे बांधून ते छताच्या तुळईवरून दोन ट्रॅक्टरांना अडकवले होते, नाक आपटू नये म्हणून. खाली जुन्या टायरांची गादी.

"बसलेलं उठायला जरा जास्त ओझं लागतं," भाचीने सांगितलं. "नऊ टन पुरणार नाहीत. अकराच्या अकरा टन पोटात आणायचे. वीज फक्त पंपांपुरती जोडलीय. झाकण उघडायला..."

"मी उघडतो."

थोरले पुढे आले. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. तो सरळ पडला नाही आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. शिडी चढताना ते एकदाच थांबले, वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काल सुट्टीत हे इंधन पंखांत मी पाठवलं. पत्रक न वाचता. तिच्या पत्रकात चूक नव्हती. संध्याकाळी सहाला मला हे कळलं होतं, आणि तरी सातचं पत्र मी जाऊ दिलं."

अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि नंतर भाचीकडे, बराच वेळ.

झाकण उघडलं. बटण दाबलं. विमानाच्या पोटात गुरगुर सुरू झाली.

पाच मिनिटं काहीच झालं नाही.

दहा मिनिटं. भाचीची नखं आत्याच्या मनगटात रुतली होती. "आत्या, पंखांची टोकं," ती पुटपुटली. टोकं वर येत होती. हलकी होत होती. पण नाक जागचं हलत नव्हतं.

पंधरा. एका संचालकाने घड्याळ बघितलं.

सतरा.

मग कुठूनतरी आवाज आला, जुनं कपाट उघडावं तसा. पट्टे ताणले गेले. मुकादम ओरडले, "धरा रे!" आणि नाक खाली यायला लागलं. टन टन वजनाचं ते नाक इतक्या सावकाश आणि इतक्या अदबीने खाली येत होतं की चाळीस माणसं त्याच्यासोबत गुडघ्यांत वाकत गेली, आपण वाकतोय हे कुणालाच कळलं नाही. चाकं टायरांना टेकली. टायर चिरडले. विमान एकदा डुललं, दोनदा डुललं आणि उभं राहिलं.

काटाबाईला आपण रडतोय की हसतोय हे ठरवता आलं नाही, तेव्हा तिने दोन्ही केलं.

"बरं," टाळ्या थांबल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता माझा प्रश्न. हे मालवाहू होऊ शकतं का?" त्या थोरल्यांकडे बघत होत्या.

थोरले शिडीवरून उतरले. हात तेलकट होते. "मला विचारू नका. मी फक्त पंख केले." त्यांनी भाचीकडे मान वळवली. "हिला विचारा."

"होऊ शकतं," भाची म्हणाली. "दोन पॅलेटं कमी नेईल, इंधन बरंच कमी पिईल, आणि टेकूशिवाय भरलं जाईल. पण प्रवासी विमानाची रीत त्याला लावून चालणार नाही. जमिनीवर उभं असताना आधी पोट, निघताना पंख. हे लिहून, शिकवून, प्रत्येक तळावर गिरवून घ्यावं लागेल. ते केलं नाही तर हे पुन्हा बसेल, आणि तेव्हा फक्त पँटवर निभावेलच असं नाही."

"आणि ही पंखांची अवस्था? पोट भरलेलं, पंख रिकामे?"

थोरल्यांनी उसासा टाकला. "जमिनीवर सोसेल त्यांना. मी आकडे काढून देतो. तिच्या सहीखाली माझी सही. या वेळी वाचून."

अध्यक्षबाईंनी हातातली स्थगितीच्या पत्राची प्रत घडी करून पर्समध्ये टाकली, फाडली नाही. "मला पुरावा हवाय," त्या म्हणाल्या. "सहा पॅलेटांवर कुणीही उभं राहील. सगळी चढवा. मी थांबते." आणि त्यांनी स्वतः एक खुर्ची ओढून घेतली, नेमकी ती जिच्यावर थोरल्यांचा कोट होता.

हँगरमध्ये एकदम पळापळ झाली. पट्टे सुटले, ट्रॅक्टर मागे गेले, फरशीवरची चाकं खडखडली. मुकादम दारात उभे राहिले, दोन्ही हात कमरेवर, आणि त्यांनी भाचीकडे बघितलं. पत्रकाकडे नाही, तिच्याकडे.

"ताई, सातवं आणू?"

भाचीने पंखाखाली जाऊन दांडी स्वतः तपासली. टाकी कोरडी. मग दुसरी. ती परत आली, आत्याच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आणा."